पूरमापनातील विद्युत् संकेत : जुळणी व पडताळणी

तापी नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. सातपुड्याच्या रांगांमधून वाट काढीत ती बऱ्हाणपुरास येते आणि तेथून पुढे महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्यात प्रवेश करते. चांगदेव येथे विदर्भातून आलेली पूर्णा तिला मिळते आणि या संगमाच्या खालच्या अंगास, भुसावळ तालुक्यात, ४१ दरवाजांचे हतनूर धरण आहे. सातपुड्यात व विदर्भात जोराची वृष्टी झाली म्हणजे बऱ्हाणपूर, देडतलाई, गोपाळखेडा, लखपुरी, चिखलदरा, अकोला इत्यादी ठिकाणच्या आकड्यांकडे हतनूर येथील अधिकाऱ्यांचे लक्ष लागून राहते. किती दरवाजे, किती उंचीने आणि केव्हा उघडावयाचे याचा निर्णय त्या आकड्यांच्या आधाराने घ्यावा लागतो. त्या निर्णयावर रावेर, मुक्ताईनगर, भुसावळ या तालुक्यांतील नदीकाठची गावे, केळीच्या बागा, गुरेढोरे आणि नदीपात्रात बसविलेले पंप यांची सुरक्षितता अवलंबून असते. पुढे हेच पाणी सारंगखेडा, प्रकाशा या मार्गाने उकाई जलाशयात जाते. ऑगस्ट १९६८ आणि ऑगस्ट २००६ मध्ये सुरत शहराने सोसलेले पूर हे याच नदीचे होत.

बऱ्हाणपूरच्या पुलाखालचे पाणी किती चढले हा प्रश्न वरवर साधा वाटतो. आता मात्र त्याचे उत्तर बव्हंशी विजेच्या भाषेत मिळते. नदीची उंची प्रथम विद्युत् दाबात रूपांतरित होते, त्या दाबाचा अंक होतो आणि तो अंक दूरवर पाठविला जातो. या रूपांतरात एखादी जोडणी चुकली तरी यंत्र बंद पडत नाही. ते अंक देतच राहते. मात्र तो अंक खोटा असतो. असे खोटे अंक का निर्माण होतात आणि ते टाळण्यासाठी यंत्राची जुळणी कशी करावी, याची माहिती ग्रामस्थ, कर्मचारी व शिक्षक या सर्वांस उपयुक्त ठरेल.

रंगविलेल्या पट्टीपासून नोंदयंत्रापर्यंत

नदीची पातळी मोजण्याचे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे काठावर वा पुलाच्या खांबावर उभी केलेली, मीटर व सेंटिमीटर रंगविलेली पट्टी होय. केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांवर पावसाळ्यात या पट्टीचे वाचन दर तासाला करण्याची पद्धत आहे. मध्यरात्री, मुसळधार पावसात, कंदील किंवा विजेरी घेऊन घाटावर उतरणाऱ्या वाचकाचे काम सोपे नाही. पाणी झपाट्याने चढू लागले म्हणजे दोन वाचनांमधील तासही फार मोठा वाटू लागतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी स्वयंचलित दूरमापन केंद्रे उभारण्यात येऊ लागली. १९९५ साली सुरू झालेला जलविज्ञान प्रकल्प, त्याचा दुसरा टप्पा आणि २०१६ सालापासूनचा राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प यांमधून अशा साधनांचा देशात मोठा विस्तार झाला. केंद्रातील नोंदयंत्र ठराविक अंतराने पातळी व पाऊस यांची नोंद घेते. केंद्रीय जल आयोगाच्या व्यवस्थेत ही नोंद इन्सॅट उपग्रहामार्फत जयपूर, बुर्ला यांसारख्या भूकेंद्रांवर पोचते. या साखळीतील उपग्रह, संगणक व नकाशे सर्वांच्या डोळ्यांत भरतात. परंतु साखळीचा सर्वांत नाजूक दुवा नदीकाठच्या एका लहानशा पेटीत असतो, आणि तो म्हणजे संवेदकाची तार जेथे नोंदफलकास मिळते ती जागा.

या जागी करावयाच्या व्यवस्थेस तंत्रज्ञ ‘सिग्नल कंडिशनिंग’ म्हणतात. मराठीत तीस संकेत-संस्करण म्हणता येईल. शेतातून आलेले धान्य पाखडून, निवडून, मापात भरल्यावाचून त्याचा हिशेब होत नाही. तद्वत् संवेदकाकडून आलेला विद्युत् संकेत योग्य मापाचा व स्वच्छ केल्यावाचून त्याचा विश्वसनीय अंक होत नाही.

जलदाब व विद्युत् दाब

पातळी मोजणारे संवेदक अनेक प्रकारचे असतात. काही पुलावरून पाण्याकडे रडारच्या लहरी सोडून अंतर मोजतात. काहींत तरंगता गोळा दोरीने चाक फिरवितो. येथे विवेचनासाठी पाण्यात बुडविलेला दाबसंवेदक घेऊ, कारण त्यात संकेत-संस्करणाचे बहुतेक सर्व प्रश्न उद्भवतात.

पाण्याची खोली एक मीटरने वाढली की तळाशी दाब ९.८१ किलोपास्कलने वाढतो. संवेदकातील पातळ पडदा या दाबाने किंचित वाकतो आणि त्यावरील रोधकांचा विद्युत् रोध बदलतो. हे रोधक सेतूच्या रचनेत जोडलेले असतात. सेतूस १० व्होल्टांचा पुरवठा दिला असता, १० मीटर खोलीस त्याच्या दोन टोकांमध्ये समजा १०० मिलिव्होल्टांचा फरक पडतो. म्हणजे एका सेंटिमीटरास मिलिव्होल्टाचा दहावा भाग. विजेरीच्या साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. त्याच्या पंधरा हजाराव्या हिश्शाएवढा हा संकेत झाला. नदी एवढ्या क्षीण आवाजात बोलते, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावी.

येथेच दोन सूचना करणे इष्ट आहे. पहिली अशी की सेतूचा पुरवठा स्थिर हवा. पुरवठा शेकडा एकाने उतरला तर संकेतही शेकडा एकाने उतरतो आणि १० मीटर पाण्यात १० सेंटिमीटरांची चूक होते. म्हणून चांगल्या नोंदफलकात पुरवठाही त्याच वेळी मोजून दोहोंचे गुणोत्तर घेतात. दुसरी सूचना हवेच्या दाबाविषयी आहे. पाण्यावर हवेचाही भार असतो आणि वादळी दिवसांत तो बदलतो. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने बदलला तर पाण्याच्या सुमारे १० सेंटिमीटर उंचीइतका फरक पडतो. हा फरक आपोआप वजा व्हावा म्हणून संवेदकाच्या तारेतून एक बारीक श्वासनळी वर आणलेली असते. तिचे तोंड चिकटपट्टीने बंद करू नये. तेथील ओल शोषणारे दाणे मात्र वेळच्या वेळी बदलावेत.

नोंदफलक कसा मोजतो?

ज्यास ‘डेटा अ‍ॅक्विझिशन बोर्ड’ म्हणतात तो नोंदफलक विद्युत् दाबाचे अंकात रूपांतर करतो. त्याची मोजणी जिन्याच्या पायऱ्यांसारखी असते. बारा द्विमान अंकांच्या फलकास ४,०९६ पायऱ्या असतात, तर सोळा अंकांच्या फलकास ६५,५३६. दोन पायऱ्यांच्या मधली उंची त्यास दिसत नाही.

आता बारा अंकांचा फलक उणे १० ते अधिक १० व्होल्ट या पट्टीवर ठेवला आहे असे समजा. एकूण २० व्होल्टांस ४,०९६ ने भागले असता एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टांची होते. वर सांगितलेला संवेदक त्यास सरळ जोडला, तर एका पायरीत पाण्याची सुमारे ४९ सेंटिमीटर उंची सामावते. नदी दीड फूट चढली तरी अंक हलणार नाही, आणि मग एकदम अर्ध्या मीटरची उडी मारील. तेवढ्या उंचीत काठावरील पंपघरात पाणी शिरू शकते. येथे संवेदक व फलक दोन्ही निर्दोष आहेत. त्यांची एकमेकांशी सांगड घातलेली नाही, एवढाच दोष आहे.

यावरचा उपाय म्हणजे संकेत फलकापर्यंत पोचण्यापूर्वीच वर्धकाने मोठा करणे. संकेत चाळीस पट वाढविला तर १०० मिलिव्होल्टांचे ४ व्होल्ट होतात. फलकाची पट्टी ० ते ५ व्होल्ट निवडली असता एक पायरी १.२२ मिलिव्होल्टांची, म्हणजे पाण्याच्या सुमारे ३ मिलिमीटर उंचीची होते. त्याच संवेदकाने, त्याच फलकावर, केवळ योग्य जुळणीमुळे मापन दीडशेपटीहून अधिक सूक्ष्म झाले. वर्धक शक्यतो संवेदकाच्या जवळ असावा. लांब तारेत शिरलेली खरखर मुळातच मोठ्या झालेल्या संकेतास फारशी बाधत नाही. उलट वर्धक तारेच्या शेवटी ठेवला तर तो संकेताबरोबर खरखरही वाढवितो.

अतिवर्धनाचा धोका

तथापि वर्धन जितके अधिक तितके चांगले, असा समज करून घेणे घातक ठरेल. याच संवेदकास शंभर पट वर्धन दिले तर १० मीटरांस १० व्होल्ट होतील; परंतु फलकाची पट्टी ५ व्होल्टांवर संपते. नदी ५ मीटरांवर पोचताच फलक आपला सर्वांत मोठा अंक दाखवील आणि पुढे पाणी सहा, सात, आठ मीटर झाले तरी तोच अंक दाखवीत राहील.

आलेखावर ही रेघ आडवी, शांत दिसते. दूर कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्यास पूर स्थिरावल्याचा भास होतो. पुराच्या आलेखावर जी खूण सर्वाधिक दिलासा देणारी, तीच येथे सर्वाधिक धोक्याची ठरते. यास्तव पट्टीच्या वरच्या टोकाशी मोकळी जागा ठेवणे आवश्यक आहे. चाळीस पट वर्धनात ४ व्होल्टांवर संकेत संपतो आणि वर एक व्होल्ट शिल्लक राहतो, तो याच हेतूने. संवेदकाची स्वतःची क्षमताही त्या ठिकाणच्या आजवरच्या सर्वोच्च पुराहून अधिक असावी. नोंदयंत्रास अशीही आज्ञा देऊन ठेवावी की अंक पट्टीच्या टोकास टेकला तर त्यास पातळी न म्हणता ‘मापाबाहेर’ अशी खूण करावी.

प्रवाहाच्या रूपातील संकेत

तार लांब असेल तर विद्युत् दाबाऐवजी विद्युत् प्रवाहाच्या रूपात संकेत पाठविणे अधिक सोयीचे असते. उद्योगांत रूढ असलेल्या पद्धतीनुसार शून्य पातळीस ४ मिलिअँपिअर व पूर्ण पातळीस २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तारेचा रोध थोडा बदलला तरी प्रवाह बदलत नाही, हा पहिला लाभ. शून्य पातळीलाही ४ मिलिअँपिअर प्रवाह असल्याने, तार तुटून प्रवाह शून्य झाला तर ‘नदी आटली’ असा गैरसमज न होता ‘तार तुटली’ हे कळते, हा दुसरा लाभ.

नोंदफलक मात्र विद्युत् दाबच मोजतो. म्हणून प्रवाहाच्या मार्गात २५० ओहमचा रोधक ठेवून त्याच्या टोकांमधील दाब मोजतात. ४ मिलिअँपिअरला १ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट मिळतात; १० मीटर उंचीस ४ व्होल्टांचा फरक पडतो. उदाहरणार्थ, ३.४ व्होल्ट वाचन आले तर त्यातून १ वजा करून ४ ने भागावे व १० ने गुणावे, म्हणजे ६ मीटर खोली मिळते. या खोलीत संवेदकाची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळविली की नदीची पातळी येते.

हा लहानसा रोधक अवघ्या मापनाचा मापदंड होय. बाजारात सहज मिळणाऱ्या रोधकात शेकडा पाचापर्यंत फरक असू शकतो. पूर्ण पातळीस ५ व्होल्टांच्या जागी त्यामुळे पाव व्होल्टाची, म्हणजे पाण्याच्या ६२ सेंटिमीटरांहून अधिक उंचीची चूक होऊ शकते. शेकडा एक दशांश अचूकतेचा रोधक वापरल्यास हीच चूक सव्वा सेंटिमीटरावर येते. कायमची चूक पडताळणीने काढता येते हे खरे. परंतु निकृष्ट रोधक उन्हाने तापला की त्याचा रोध बदलतो आणि ती चूक कोणत्याही हिशेबात बसत नाही.

याहून गंभीर प्रश्न बॅटरीचा आहे. दुर्गम केंद्र बहुधा सौरपट्टी व १२ व्होल्टांची बॅटरी यांवर चालते. संवेदकास चालण्यासाठी स्वतःच्या टोकांवर किमान ८ व्होल्ट लागतात असे समजा. नदी उथळ असताना प्रवाह ४ मिलिअँपिअर असतो, रोधकात १ व्होल्ट खर्च होतो आणि संवेदकास ११ व्होल्ट मिळतात. सारे सुरळीत चालते. पाणी चढते तसा प्रवाह वाढतो आणि रोधकातील खर्चही वाढतो. १६ मिलिअँपिअरला रोधक ४ व्होल्ट घेतो आणि संवेदकास नेमके ८ उरतात. हा प्रवाह साडेसात मीटर खोलीचा आहे. याच्यापुढे पाणी कितीही चढले तरी प्रवाह वाढू शकत नाही. अनेक दिवसांच्या ढगाळ हवामानामुळे बॅटरी ११ व्होल्टांवर आली असेल तर हीच मर्यादा १२ मिलिअँपिअरवर, म्हणजे ५ मीटरांवर येते.

उन्हाळ्यात तपासणी केली असता या केंद्रात कोणताही दोष आढळणार नाही. दोष दिसतो तो फक्त महापुरात, आणि तोही आडव्या शांत रेघेच्या रूपात. शिवाय येथे अंक फलकाच्या पट्टीच्या टोकास टेकत नाही. त्यामुळे ‘मापाबाहेर’ ही खूणही उमटत नाही. उपाय सोपा आहे. प्रवाहवर्तुळास २४ व्होल्टांचा पुरवठा द्यावा, किंवा रोधक १०० ओहमचा घ्यावा. १०० ओहममध्ये पूर्ण पातळीसही २ व्होल्टच खर्च होतात. मात्र तेव्हा संकेत ०.४ ते २ व्होल्टांचा होतो. म्हणून फलकाची पट्टी ० ते २.५ व्होल्ट करावी आणि हिशेबाचे सूत्रही बदलावे. रोधक बदलला आणि सूत्र जुनेच राहिले, तर पहिल्याहून मोठा घोटाळा होईल.

दोन ठिकाणचा भूसंपर्क

विद्युत् दाब हा नेहमी दोन बिंदूंमधील फरक असतो. तो कोणत्या बिंदूच्या तुलनेने मोजावयाचा हे ठरविणे महत्त्वाचे आहे. नोंदफलकास संकेत जोडण्याच्या दोन रीती आहेत. एकीत प्रत्येक संकेताची एक तार फलकास जाते आणि सर्वांचा दुसरा बिंदू फलकाचा भूसंपर्क हाच असतो. दुसरीत प्रत्येक संकेताच्या दोन्ही तारा स्वतंत्र जातात आणि फलक त्या दोहोंमधील भेद तेवढा मोजतो. पहिल्या रीतीने सोळा संकेत घेणारा फलक दुसऱ्या रीतीने बहुधा आठच घेतो. त्यामुळे काटकसरीच्या दृष्टीने पहिली रीत निवडण्याचा मोह होतो.

परंतु नदीकाठी तो मोह महागात पडतो. संवेदकाचे धातूचे कवच पाण्यात असते, म्हणजे त्याचा भूसंपर्क नदीत होतो. नोंदफलकाचा भूसंपर्क काठावरील खोलीजवळ असतो. या दोन ठिकाणच्या जमिनी विद्युत् दृष्ट्या अगदी समान असतीलच असे नाही. शेजारी शेतीपंपांच्या मोटारी चालत असतील, बऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागांच्या गावात विजेचा भार सतत कमीजास्त होत असेल, तर जमिनीतून लहान प्रवाह वाहतात. दोन जागांमध्ये अवघा २० मिलिव्होल्टांचा फरक पडला आणि तो १०० मिलिव्होल्टांच्या संकेतात मिसळला, तर पातळी २ मीटरांनी चुकेल.

म्हणून क्षीण संकेतासाठी भेदात्मक जोडणीच वापरावी. दोन्ही तारांवर सारखाच चढणारा उपरा दाब त्या जोडणीत वजा होऊन जातो. मात्र तो दाब फलकाच्या सहनमर्यादेत असला पाहिजे. संवेदक जमिनीशी कोठेच जोडलेला नसेल तर दोन्ही तारा अधांतरी राहतात आणि वाचन भरकटते. अशा वेळी उणे तार दहा हजार ते एक लाख ओहमच्या रोधकाने फलकाच्या भूबिंदूस जोडावी. तारा एकमेकींस पिळलेल्या व धातूच्या जाळीने वेढलेल्या असाव्यात. जाळीचा भूसंपर्क एकाच टोकास करावा. दोन्ही टोकांस केल्यास ती जाळीच जमिनीतील प्रवाहाची वाट बनते. जेथे भूमीतील फरक मोठा असेल तेथे संकेत प्रकाशाच्या वा चुंबकाच्या साहाय्याने पलीकडे पोचविणारा विलगक बसवावा. त्यायोगे दोन्ही बाजूंचा धातूचा संबंधच तुटतो.

खरखर, लाटा आणि वीज

वीजपुरवठ्याची ५० आवर्तनांची गुणगुण आसपासच्या प्रत्येक तारेत शिरते. तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. नोंदफलकाने २० मिलिसेकंदांच्या किंवा त्याच्या पूर्ण पटीच्या कालावधीची सरासरी घेतली तर गुणगुणीचा वरचा व खालचा भाग परस्परांस छेद देतो. त्याहून द्रुत खरखर रोधक व धारित्र यांच्या साध्या गाळणीने अडवावी. ही गाळणी अंकीकरणापूर्वीच असली पाहिजे. एकदा खरखर अंकात उतरली म्हणजे ती खऱ्या बदलापासून वेगळी ओळखता येत नाही.

नदीच्या लाटांसही हाच नियम लागू आहे. दर पंधरा मिनिटांनी एकच क्षणिक वाचन घेतल्यास कधी लाटेचा माथा तर कधी तळ नोंदला जाईल आणि नदी उगाच चढउतार करीत असल्याचे दिसेल. म्हणून एक मिनिटभर दर सेकंदास वाचन घेऊन त्यांची सरासरी नोंदवावी. जुन्या केंद्रांवर काठाशी बांधलेली आणि नळाने नदीस जोडलेली स्थिरकूप नावाची विहीर असते. तिच्यात लाटा शिरत नाहीत, केवळ पातळी शिरते. संकेताची गाळणी विजेत जे काम करते तेच ही विहीर पाण्यात करते.

आकाशातील विजेचा धोका याहून वेगळा. जवळपास वीज पडली असता लांब तारेत क्षणभर हजारो व्होल्ट उत्पन्न होऊ शकतात. तारेच्या दोन्ही टोकांस वायुनलिका व अर्धसंवाहक यांचे संयुक्त तडितरोधक बसवावेत आणि त्यांची भूतार जाड, आखूड व सरळ असावी. भूसंपर्काच्या खड्ड्यातील ओल उन्हाळ्यात उडून जाते. त्याचा रोध पावसाळ्यापूर्वी मोजावा.

पावसाळ्यापूर्वीची पडताळणी

वरील विवेचनाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, उथळ पाण्यात बरोबर चालणारे केंद्र पुरातही बरोबर चालेल असे गृहीत धरता येत नाही. पडताळणी मे महिन्यात करावी, परंतु ती महापुराच्या मापाने करावी. तिचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

१. संवेदकाची तार सोडवून तिच्या जागी प्रमाणित उपकरणाने ४, १२ व २० मिलिअँपिअर प्रवाह द्यावा. नोंदयंत्रावर अनुक्रमे ०, ५ व १० मीटर उमटले पाहिजेत. यातून रोधक, फलकाची पट्टी व सूत्र या तिहींची परीक्षा होते.

२. संवेदकाच्या जागी प्रवाह ओढून घेणारे उपकरण लावून, बॅटरी उतरलेल्या स्थितीत २० मिलिअँपिअर वाहत असता त्याच्या टोकांवर किती व्होल्ट उरतात ते मोजावे.

३. संवेदक नळीत किंवा विहिरीत मोजलेल्या खोलीपर्यंत बुडवून किमान तीन उंचींस वाचन घ्यावे. चढताना व उतरताना दोन्ही वेळा ते जुळावे.

४. तार मुद्दाम सोडवून पाहावी. नोंदयंत्राने पातळी न दाखविता दोषाची खूण केली पाहिजे.

५. शेजारचा पंप सुरू व बंद करून वाचन हलते काय ते पाहावे.

६. शेवटी रंगविलेल्या पट्टीचे वाचन व यंत्राचे वाचन एकाच क्षणी घेऊन दोन्ही वहीत लिहावीत. पावसाळ्यात हा ताळा वरचेवर घ्यावा.

पट्टी, वर्धन, रोधकाचे मूल्य, सूत्र व संवेदकाची उंची यांची नोंद पेटीच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावी. बदली होऊन आलेल्या नव्या कर्मचाऱ्यास जुन्याची जुळणी त्यावरून कळते. अन्यथा एखादा रोधक बदलण्याचे किरकोळ कामही सबंध हंगामाची माहिती दूषित करू शकते.

शाळा व गाव यांचा सहभाग

माध्यमिक शाळेतील शिक्षकांस यातील मुख्य तत्त्व एका सेलच्या व काट्याच्या बहुमापकाच्या साहाय्याने दाखविता येईल. दीड व्होल्टाचा सेल प्रथम २५० व्होल्टांच्या एकदिश पट्टीवर मोजावा. काटा जागचा जेमतेम हलेल. नंतर तोच सेल २.५ व्होल्टांच्या पट्टीवर मोजावा. काटा निम्म्याहून पुढे जाईल. सेल तोच, काटा तोच. फरक फक्त पट्टीचा. मात्र ९ व्होल्टांच्या बॅटरीस ही लहान पट्टी लावू नये, कारण काटा टोकास जाऊन आपटेल. अतिवर्धन म्हणजे काय हे तेवढ्या इशाऱ्यावरून विद्यार्थ्यांस समजते. घरगुती वीजपुरवठ्यावर हा प्रयोग मुळीच करू नये.

ग्रामस्थांचे साहाय्यही मोलाचे आहे. केंद्राच्या कुंपणास गुरे बांधणे, सौरपट्टीवर कपडे वाळत घालणे, तारेवरून गाडी नेणे या क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टींनी खालच्या अंगाची शेकडो घरे अंधारात राहू शकतात. मासेमारीच्या जाळ्यात संवेदकाची तार अडकल्यास ती ओढू अथवा कापू नये, केंद्रास कळवावे. पूर चढताना यंत्राची पातळी स्थिर असल्याची वार्ता आली, परंतु घाटाच्या पायऱ्या बुडताना डोळ्यांनी दिसत असतील, तर तलाठी वा पोलीस पाटील यांस तत्काळ सांगावे. कोणत्या पायरीपर्यंत, किती वाजता पाणी आले एवढी माहितीही पुरेशी होते.

सतराव्या शतकाच्या आरंभी बऱ्हाणपुरात भूगर्भातील पाणी उताराने शहरापर्यंत आणण्यासाठी कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. जमिनीखालच्या बोगद्याचा उतार अचूक साधल्यामुळेच ते पाणी आपोआप वाहिले. आज त्याच परिसरात पाण्याची उंची मिलिव्होल्टांत मोजली जाते. साधने पालटली तरी मापन व पडताळणी यांचे नाते तेच आहे. पेटीतील एक रोधक, एक भूतार आणि काठावरची रंगविलेली पट्टी यांची वेळीच निगा राखली, तर बऱ्हाणपूरच्या पुलाखालून निघालेला खरा आकडा पाण्याच्या आधी हतनूरला पोचेल आणि काठच्या गावांस घरे सोडून उंचवट्यावर जाण्यास लागणारा वेळ मिळेल.